पेन्शनच्या कागदावर तुमचं नाव काय?

२०२५ च्या दसऱ्याची आदली संध्याकाळ. मी ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवसाच्या पुरणाची डाळ निवडत होते, तोच अकोल्याहून मामींचा फोन आला. मामी कधी उगाच फोन करत नाहीत, म्हणून हातातलं ताट बाजूला ठेवलं.

"पोरी, टीव्हीवर सांगून राह्यले, महागाई भत्ता तीन टक्क्यानं वाढला म्हून. मंग माह्या हातात किती येईन व?"

प्रश्न साधा होता. मी अमरावतीच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सातवीच्या मुलींना शेकडेवारी समजावताना माझा घसा सुकतो. पण मामींना मला उत्तर देता येईना. तीन टक्के खरे, पण कशाचे? मी विचारलं, "मामी, तुमची मूळ पेन्शन किती आहे?"

"मले काय मालूम? ब्यांकेत जे येते ते घेते."

आमचे मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. २०२४ च्या पावसाळ्यात वयाच्या सत्तराव्या वर्षी ते गेले. तेव्हापासून मामींच्या संसाराची सारी भिस्त फॅमिली पेन्शनवर, म्हणजे कागदावरच्या भाषेत कुटुंब निवृत्तिवेतनावर. ते कसं बनतं, कशावर वाढतं, हे मामींना माहीत नाही आणि बी. ए. झालेल्या भाचीलाही नाही, याची मला लाज वाटली. दिवाळीच्या सुट्टीत बडनेऱ्याहून गाडी धरली आणि वही-पेन घेऊन अकोल्याला मामींकडे जाऊन बसले. त्या दोन दिवसांत जे समजलं, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे. आपल्या वऱ्हाडात फौजी घरं कमी नाहीत. तुमच्या घरात नसेल तर शेजारी असेल, माहेरी असेल.

आठ महिने काय झालं

आधी मामींची हकीकत सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

मामा गेल्यावर दिवस झाले, पाहुणे पांगले आणि मामी थोरल्या मुलाला घेऊन पेन्शनच्या चौकशीला गेल्या. मृत्यूचा दाखला होता, आधार कार्ड होतं, मामांचं डिस्चार्ज बुक होतं. पण खिडकीवरच्या माणसानं कागद चाळले आणि परत सरकवले. फौजेच्या कागदावर बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं. जन्मतारखेतही दोन वर्षांचा फरक.

यात चूक कोणाची म्हणायची? आपल्याकडे मुलगी सासरी येते, तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं जातं आणि माहेरची कमल सासरी मंगल होते. मामा भरती झाले तेव्हा लग्न ठरलेलं होतं. पुढे लग्न झालं, आणि त्यांनी कागदावर माहेरचं नाव लिहून दिलं, कारण तेच त्यांना पाठ होतं. जन्मतारीख अंदाजानं टाकली. आधार काढताना मामींनी सासरचं नाव सांगितलं, कारण चाळीस वर्षं सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारत होते. दोन्ही नावं खरी, आणि दोन्ही मिळून मामींना खोटं ठरवत होती!

मग सुरू झाल्या खेपा. प्रतिज्ञापत्र करा, लग्नाचा पुरावा आणा, शाळेचा दाखला आणा. शाळा माहेरच्या खेड्यातली, दुसरीपर्यंतच गेलेल्या. फौजेच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज गेला, तिकडून पत्र आलं, पुन्हा एक कागद कमी निघाला. त्यात आणखी एक भर. मामा गेल्याचं कळवायला उशीर झाला, म्हणून एका महिन्याची त्यांची पेन्शन खात्यात जमा झाली होती. ती मामींनी दिवसांच्या खर्चात वापरली, आणि पुढे ती कापून घेतली गेली.

असे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत मामींनी दोन बांगड्या गहाण टाकल्या, आणि मुलाला कळू दिलं नाही. अकोला म्हणजे डाळ मिलचं गाव, रस्त्यानं जाताना तुरीच्या डाळीचा वास येतो. "त्या गावात राहून मी आठवड्यातून दोनदाच वरण केलं," असं मामी हसत सांगत होत्या. मला हसू आलं नाही.

शेवटी पेन्शन सुरू झाली. फॅमिली पेन्शन नवऱ्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, त्यामुळे मागची थकबाकीही मिळाली. बांगड्या सुटल्या. पण मैत्रिणींनो, हे सगळं मामा हयात असताना एका अर्जानं मिटलं असतं. तो अर्ज करायला त्यांना निवृत्तीनंतर तीस वर्षांहून जास्त वेळ होता.

पेन्शनचे दोन भाग

आता हिशेबाकडे वळू. घाबरू नका, भाजीच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

पेन्शनचे दोन भाग असतात. पहिला मूळ पेन्शन आणि दुसरा त्यावर मिळणारा महागाई भत्ता. पेन्शनवाल्यांच्या कागदावर त्याला डी. आर. म्हणतात. मूळ पेन्शन सहसा बदलत नाही. वर्षातून दोनदा बदलतो तो महागाई भत्ता, १ जानेवारीपासून आणि १ जुलैपासून. जाहीर मात्र उशिरा होतो. जानेवारीचा बहुधा होळीच्या सुमारास आणि जुलैचा दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधल्या महिन्यांची थकबाकी एकदम मिळते. म्हणून सणाच्या तोंडावर खात्यात थोडी जास्त रक्कम दिसली तर ती बक्षिशी समजू नका. ती तुमचीच मागची बाकी असते.

हे टक्के कोण ठरवतं? केंद्र सरकारचा श्रम विभाग देशातल्या ८८ केंद्रांमधून दर महिन्याला भाव गोळा करतो. धान्य, डाळ, तेल, कपडा, घरभाडं, औषध, शाळेची फी, सगळ्याचे. आपल्या विदर्भातलं नागपूर त्यात आहे. त्या भावांवरून औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक निघतो, आणि त्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर भत्ता ठरतो. सातव्या वेतन आयोगानं २०१६ पासून नवी मूळ पेन्शन दिली, तेव्हा भत्ता शून्यापासून पुन्हा मोजायला घेतला. तो चढत चढत २०२४ च्या जानेवारीत ५० टक्के, २०२५ च्या जानेवारीत ५५ आणि त्याच वर्षी जुलैपासून ५८ टक्के झाला. मामींनी टीव्हीवर ऐकलेले तीन टक्के हेच. मधे करोनाच्या काळात, जानेवारी २०२० पासून दीड वर्ष ही वाढ गोठवली होती. त्या दीड वर्षाची थकबाकी मिळाली नाही, हेही लक्षात असू द्या.

आता उदाहरण घेऊ. मामींचा आकडा मी इथे लिहीत नाही, घरची गोष्ट आहे. समजा, एखाद्या बाईची मूळ फॅमिली पेन्शन १२,००० रुपये आहे. तीन टक्के वाढले म्हणजे महिना ३६० रुपये वाढले. ५८ टक्क्यांप्रमाणे तिचा एकूण भत्ता ६,९६० रुपये, आणि हाती १८,९६० रुपये. सर्वांत कमी मूळ पेन्शन २०१६ पासून ९,००० रुपये ठरलेली आहे. तिच्यावर ५८ टक्के म्हणजे ५,२२०, मिळून १४,२२०. पासबुकात याहून कमी दिसत असेल तर विचारायला जा.

मामींना मी त्यांच्या आकड्यावरून वाढ काढून दाखवली. त्यांनी लगेच बोटं मोडून सांगितलं, "म्हंजे माह्या बीपीच्या गोया निंगल्या." एवढ्यासाठी तर भत्ता असतो!

नवरा गेल्यावर पेन्शन किती कमी होते

ही गोष्ट बहुतेकींना वेळ आल्यावरच कळते. जवानाची स्वतःची पेन्शन साधारण शेवटच्या पगाराच्या निम्मी, म्हणजे ५० टक्के असते. तो गेल्यावर पत्नीला मिळणारी साधारण फॅमिली पेन्शन ३० टक्के. पगार ४०,००० धरला तर नवऱ्याची मूळ पेन्शन २०,००० आणि भत्त्यासह ३१,६००. पत्नीला मूळ १२,००० आणि भत्त्यासह १८,९६०. म्हणजे एका महिन्यात घरात येणारे १२,६४० रुपये कमी होतात. एक माणूस कमी झालं म्हणून दुधाचं एक माप कमी होईल, पण लाइटचं बिल, गॅस, घरभाडं, कामवालीचा पगार काही अर्धा होत नाही.

काही बाबतीत सवलत आहे. निवृत्त झालेला जवान लवकर गेला, तर सात वर्षं किंवा त्याचं वय ६७ झालं असतं तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, पत्नीला वाढीव दरानं पेन्शन मिळते. नोकरीत असतानाच मृत्यू झाला तर हा वाढीव दर दहा वर्षं असतो. पण ही मुदत संपली की रक्कम खाली येते. मुदत कधी संपणार, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे त्या महिन्यात "पेन्शन कापली" म्हणून धावाधाव होणार नाही. मृत्यू लष्करी सेवेमुळे ओढवला असेल तर दर ६० टक्क्यांचा, आणि युद्धात किंवा तशा कारवाईत वीरमरण आलं असेल तर शेवटच्या पगाराइतकी पेन्शन मिळते.

दुसरी गोष्ट पेन्शन विकण्याची. निवृत्त होताना बरेच जण घर बांधायला किंवा मुलीच्या लग्नाला पेन्शनचा काही भाग "विकतात", म्हणजे एकरकमी पैसे घेतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. तो आपोआप सुरू झाला का, हे तारीख लावून बघा. महागाई भत्ता मात्र विकण्याआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो, आणि विकलेल्या भागाची कपात फॅमिली पेन्शनमधून होत नाही. आमच्या मामींच्या शेजारणीला वाटत होतं, नवऱ्यानं पेन्शन विकली म्हणजे आपल्या वाट्याचीही गेली. तसं नाही.

तिसरी गोष्ट वयाची. पेन्शनवाला किंवा फॅमिली पेन्शन घेणारी बाई ८० वर्षांची झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला मूळ पेन्शन दुप्पट. घरात सासूबाई किंवा आजेसासूबाई असतील तर त्यांची जन्मतारीख पेन्शनच्या कागदावर आहे का, ते बघा. तारीखच नसेल तर वय वाढल्याचं कार्यालयाला कळणार कसं? जुन्या बायकांच्या बाबतीत नेमकं इथंच घोडं अडतं.

आणि "वन रँक वन पेन्शन" तुम्ही ऐकलंच असेल. हुद्दा तोच, नोकरीची वर्षं तेवढीच, तर निवृत्ती कोणत्याही सालची असो, पेन्शन सारखी, असा त्याचा अर्थ. त्याचा हुकूम नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू धरला. दर पाच वर्षांनी फेरविचार ठरला, त्याप्रमाणे २०१९ आणि २०२४ च्या जुलैपासून आकडे बदलले. फॅमिली पेन्शनवाल्यांनाही ते लागू आहेत.

ज्यांना पेन्शनच नाही

अकोल्याहून परतल्यावर हे सगळं मी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना सांगत होते. त्यांचं वय अडुसष्ट. लाटणं थांबवून त्या म्हणाल्या, "माहा मालकबी फौजेत होता बाई. आठ वर्षं. मंग आजारी मायसाठी सोडून आला."

दहा वर्षं त्या माझ्या घरी येतात, आणि हे मला माहीत नव्हतं!

जवानाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षं नोकरी लागते. त्याआधी घरच्या अडचणीनं सोडून आलेले पुष्कळ. त्यांना पेन्शन नाही, त्यांच्या विधवांना फॅमिली पेन्शन नाही. पण केंद्रीय सैनिक बोर्डाची एक मदत आहे. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा, पेन्शन नसलेला, पासष्टीच्या पुढचा माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना नियमित उत्पन्न नसेल तर दरमहा अनुदान मिळतं. ते पूर्वी ४,००० रुपये होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते दुप्पट, म्हणजे ८,००० करण्याचा निर्णय झाला, १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा एका मुलामागे १,००० ची २,००० झाली, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. मुलीच्या लग्नाची मदत ५०,००० वरून एक लाख झाली, दोन मुलींपर्यंत. विधवेच्या पुनर्विवाहालाही ती मिळते.

हा पैसा येतो कुठून? दर ७ डिसेंबरला आपल्या मुलांच्या खिशाला जे छोटे झेंडे लावले जातात, त्या ध्वजदिनाच्या निधीतून. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. मी स्वतः वर्गात डबा फिरवते, आणि खरं सांगायचं तर "चला मुलींनो, लवकर आटपा" म्हणत फिरवते. २०२५ च्या डिसेंबरात मी मुलींना थांबवून सांगितलं, की हा पैसा कुणाच्या तरी आजीच्या दळणाला जातो.

मावशींचा अर्ज मी भरून दिला. मालकांचं डिस्चार्ज बुक पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत सापडलं. अर्ज अजून चालू आहे, निकाल लागला की याच पानावर कळवीन. तोवर मावशी रोज लाटणं हातात घेतल्याबरोबर विचारतात, "आलं का व काही?"

आणखी दोन गोष्टी शहरातल्या मैत्रिणींसाठी. महाराष्ट्र शासनानं २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या एका घराची घरपट्टी माफ केली आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून आपल्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत अर्ज द्यावा लागतो. घरपट्टीची पावती वर्षानुवर्षं मुकाट्यानं फाडणारी घरं मी पाहिली आहेत. आणि बारावीनंतर व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या जवानांच्या मुलामुलींसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. २०१९ पासून मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० असा तिचा दर ठरला.

विचारायचं कसं?

आता खरी अडचण. मामींना मी म्हटलं, "मामी, मामा असताना तुम्ही एकदा तरी तो कागद बघायचा होता."

मामी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्याइले विचारू तरी कसी? तुमी गेल्यावर मले किती भेटन, असं जित्या मानसाले इचारते का कोनी? कपायाले कुकू लावून असं अभद्र कसं बोलावं?"

मैत्रिणींनो, याला मी काय उत्तर देणार? हा प्रश्न मामींचा एकटीचा नाही. आपल्या प्रत्येकीच्या घरात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "शुभ बोल नाऱ्या!" आपण विमा काढतो, बँकेत वारस लावतो, पण हा कागद मात्र पुरुषाच्या पेटीत आणि ती पेटी माळ्यावर.

माझे धाकटे दीर फौजेत आहेत. जाऊबाई आमच्याकडेच अमरावतीला असते. मामींची गोष्ट ऐकून ती रात्रभर अस्वस्थ होती. दीर सुट्टीवर आले तेव्हा तिनं विषय काढलाच. ते चिडले. "मी मरायच्या आधीच हिशेब मांडलेत का?" म्हणून ताटावरून उठले. जाऊबाई रडली. मला वाटलं, आपण उगाच तिच्या डोक्यात हे भरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी दिरांनी स्वतःच मामांबद्दल विचारलं. मी नाव बदलल्याची, बांगड्यांची, वरणाची सगळी हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत. तासाभरानं ट्रंक उघडून बसलेले दिसले. बायकोचं नाव बरोबर होतं, पण तीन वर्षांच्या धाकट्या मुलीची नोंद फौजेच्या कागदात झालेलीच नव्हती. मूल झालं, लग्न झालं, नाव बदललं की त्याची नोंद "पार्ट टू ऑर्डर"नं व्हावी लागते. ती करायची राहून गेली होती. सुट्टी संपवून गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती करून घेतली.

म्हणून माझं सांगणं आहे, की "तुम्ही गेल्यावर मला काय मिळेल" असं विचारूच नका. "माझं नाव कागदावर बरोबर आहे का?" एवढंच विचारा. त्यात अभद्र काही नाही. आपलं नाव विचारण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे.

आणि हा पैसा मेहेरबानीचा नाही, हेही मनात पक्कं असू द्या. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नकारा यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची खैरात नाही, ती केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे. खिडकीवर जाताना "साहेब, काही होईल का" असं दबकत विचारू नका. पी. पी. ओ. नंबर सांगा आणि उत्तर लेखी मागा.

येत्या रविवारी एवढं करा

चहा पिऊन झाल्यावर दोघांनी मिळून पेटी उघडा. पी. पी. ओ., म्हणजे पेन्शनचा हुकूम, काढा. त्यावरचं तुमचं नाव, जन्मतारीख आणि आधार कार्डावरचं नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अमरावतीला आहे, अकोल्यालाही आहे. कोणते कागद लागतील ते तिथंच लिहून घ्या. अर्ज पतीच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे जातो. कोणाचं सागर, कोणाचं कामठी, कोणाचं बेळगाव, कोणाचं खडकी. पत्ता वहीत उतरवून ठेवा.

पेन्शनचं बँक खातं दोघांच्या नावानं आहे का, ते पाहा. पूर्वी बँकच पेन्शनचा हिशेब करत असे. अलीकडे बहुतेक फौजी पेन्शन संरक्षण खात्याच्या "स्पर्श" व्यवस्थेतून थेट खात्यात जमा होतात. त्याचा नंबर आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हे माहीत करून घ्या. मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर असेल तर बदला. संकेतशब्द कोणालाही फोनवर सांगू नका.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. त्याची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. तो आता बोटाच्या ठशानं किंवा मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. दाखला राहिला तर पेन्शन थांबते. दिल्यावर थकबाकीसह सुरू होते खरी, पण मधले महिने कसे काढायचे?

आणि देव न करो, पण प्रसंग आलाच, तर तेराव्याची वाट न पाहता कोणाकरवी तरी मृत्यूची बातमी कळवा, आणि नंतर जमा झालेल्या पेन्शनला हात लावू नका. पत्नीनंतर किंवा पत्नी नसल्यास अपत्यांचा हक्क लागतो. पंचविशीच्या पुढची अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगीही आईवडिलांवर अवलंबून असेल तर नियमांप्रमाणे पात्र ठरू शकते. घरात अशी नणंद असेल तर तिच्यासाठीही चौकशी करा.

एक शेवटचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं आठवा वेतन आयोग नेमला. अध्यक्ष आपल्या रंजना प्रकाश देसाई, सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीश. अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणजे मूळ पेन्शनचे आकडे पुन्हा मांडले जाणार. त्या वेळी आपला जुना आकडा कोणता होता, हे माहीत असलेली बाईच नवा आकडा बरोबर की चूक ते सांगू शकेल.

निघताना मामींनी मला वही दाखवली. भाचीच्या अक्षरातला हिशेब पुसून त्यांनी तोच स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिला होता. मूळ किती, भत्ता किती, हाती किती. पहिल्या पानावर, देवाच्या नावाखाली, पी. पी. ओ. नंबर. आणि त्याखाली त्यांची दोन्ही नावं, माहेरचं आणि सासरचं.

तुम्हाला असाच काही अनुभव आला असेल तर कळवा. मात्र पत्रात पी. पी. ओ. किंवा खात्याचा नंबर लिहू नका. तो तुमच्या वहीतच असू द्या.